एकशे सात चिठ्ठ्या

पोरगं पास झालं तर इमामसाहेबांची दुआ फळली, आणि नापास झालं तर बाईंनी नीट शिकवलं नाही. गेली चौदा वर्षं वस्तीत हाच न्याय चालू होता. त्याविरुद्ध दाद मागायची तरी कुणाकडे? इमामसाहेब म्हणजे बाईंचेच यजमान.

मशिदीच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, तिथं हे जोडपं राहायचं. आतल्या खोलीत स्वयंपाक, झोपणं आणि भांडणं. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी बाई गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. एक फळा, दोन सतरंज्या, तीस-पस्तीस मुलं आणि एक पंखा. पंखा फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त, बाईंच्या मते अगदी वस्तीच्या स्वभावाचा. लेकरूबाळ झालं नव्हतं. सुरुवातीला लोक त्याबद्दल विचारायचे, मग विचारायचे थांबले, आणि मग उरले हे दोघंच.

परीक्षा जवळ आल्या की वैताग सुरू व्हायचा. दर गुरुवारी दुपारची दुसरी नमाज आटोपली की इमामसाहेब मागच्या ओट्यावर बसायचे आणि लोक रांग लावायचे. कुणाच्या हातात पेनं, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणी तर अख्खी कंपासपेटीच उचलून आणलेली. इमामसाहेब डोळे मिटून दुआ पुटपुटायचे, हलकी फुंकर घालायचे, की झालं काम. रांगेचं शेपूट वळत वळत थेट बाईंच्या फळ्यापर्यंत यायचं. चपलांचे ढीग एकमेकांत मिसळायचे, आणि शिकवणी सुटल्यावर अर्धी मुलं दुसऱ्याच्या चपला घालून घरी जायची.

"बाई, जरा सरकता का? धाकटीला घेऊन जाते," शिंपीणबाई एकदा भर तासाला दारातून म्हणाल्या. वस्तीतल्या निम्म्या मुलांचे गणवेश त्यांच्या मशीनवर शिवले जायचे, त्यामुळे सगळ्यांवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

"अहो, तिचं वर्गमूळ अर्धं राहिलंय."

"वर्गमूळ काय, उद्याही निघेल. फुंकर मात्र गुरुवारचीच."

धाकटी उठली. वर्गमूळ तसंच फळ्यावर लटकत राहिलं. बाईंनी खडू इतका दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

इमामसाहेब माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. उलट फार सरळ. दुआ देऊन झाली की प्रत्येकाला ते न चुकता एकच वाक्य सांगायचे, "आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. अभ्यास केलास ना?" लोक मान डोलवायचे. पण ह्या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, ही कला वस्तीला जन्मजात अवगत. उंट बांधायचं काम अर्थातच बाईंकडे. रोज संध्याकाळी पस्तीस उंट बाईंच्या खोलीत यायचे, आणि त्यांतले निम्मे दोर तोडून पळायचे.

हे सगळं बाईंनी सोसलं असतं. वैतागत का होईना, चौदा वर्षं सोसलंच होतं. पण ह्या वर्षी त्यांची स्वतःची परीक्षा होती.

सरकारी शाळेतल्या शिक्षक भरतीची. वयाची अट चाळीस, आणि बाईंना चाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरलेले. म्हणजे ही शेवटची वेळ. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा बसल्या, तेव्हा तीन गुणांनी हुकलं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा बसल्या, तेव्हा एका गुणानं. तो एक गुण बाईंच्या घशात अजून अडकून होता. गणिताची पदवी घेतलेल्या बाईनं जन्मभर मशिदीमागच्या खोलीत सतरंजीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांचे पाढे सुधारायचे, आणि पोरं पास झाली की दारात उभं राहून नवऱ्याचं कौतुक ऐकायचं. त्यांना वर्ग हवा होता. खराखुरा, बाकांचा, घंटेचा, हजेरीपटावर त्यांची सही असलेला. ह्याहून जास्त त्यांना काही नको होतं, आणि ह्याहून कमीत आता त्यांचं भागणार नव्हतं.

म्हणून त्या पहाटेच्या नमाजनंतर अभ्यासाला बसायच्या. सूत्रं त्यांनी फडताळाच्या दाराला आतून खडूनं लिहून ठेवली होती. चहा-साखरेचे डबे त्याच फडताळात. इमामसाहेब रोज सकाळी चहा करायला ते दार उघडायचे, चक्रवाढ व्याजाच्या सूत्रासमोर उभं राहून साखर काढायचे, आणि दार लावून घ्यायचे. "तुझा पेपर कधी आहे गं?" एवढे पाच शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. आणि बाईंचा हट्ट असा, की आपण होऊन सांगायचं नाही, त्यांनी विचारावं. अख्ख्या वस्तीच्या पोरांचे पेपर त्यांना तारीखवार पाठ. घरात एक परीक्षार्थी बसलाय, त्याची विचारपूस करायला जीभ झिजते का?

शाळेच्या परीक्षांआधीच्या शुक्रवारी ह्या मशिदीत एक रीत होती. चिठ्ठ्यांचा डबा. ज्याला दुआ हवी त्यानं चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची, आणि शुक्रवारच्या नमाजनंतर इमामसाहेब एकेक चिठ्ठी भोंग्यावरून वाचायचे. दर चिठ्ठीला सगळे मिळून "आमीन" म्हणायचे. पूर्वी चिठ्ठीत नाव असायचं. पण एका वर्षी एकाच नावाच्या दोन मुली निघाल्या, एक पास झाली आणि एक नापास, आणि दुआ नक्की कुणाला पोचायची होती ह्यावरून दोघींच्या आयांची महिनाभर बोलचाल बंद झाली. तेव्हापासून नावं नाहीत. नुसतं कुणाची कोण, विषय कोणता, एवढंच.

गुरुवारी डबा फडताळावर येऊन बसला. इमामसाहेब बाहेर फुंकरी घालत होते. बाईंनी पाठकोऱ्या कागदाचा तुकडा घेतला, लिहिलं, "वय एकोणचाळीस, शिक्षक भरती, तिसरी आणि शेवटची वेळ," चार घड्या घातल्या आणि डब्यात टाकला. मागायचं नाही, मागायचं नाही म्हणत शेवटी मागितलंच. आणि हात पुरला म्हणून डब्यातल्या चिठ्ठ्याही मोजल्या. गणिताच्या बाईला न मोजलेली वस्तू बघवत नाही. त्यांची धरून एकशे सात.

शुक्रवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात डाळ निवडायला बसल्या. भोंग्याचं तोंड बरोबर त्यांच्या खिडकीकडे होतं, त्यामुळे नवऱ्याचा आवाज त्यांना नवऱ्यापेक्षाही मोठा ऐकू यायचा.

"रंगाऱ्याची थोरली, विज्ञान."

"आमीन."

"लॉन्ड्रीवाल्याचा, इंग्रजी, दुसरी वेळ."

"आमीन."

"बेकरीवाल्याचा मधला..." इथं इमामसाहेब जरा थांबले, "...सगळेच विषय."

"आमीन!" हे आमीन जरा जोरात आलं, कारण बेकरीवाल्याच्या मधल्याला वस्ती ओळखून होती. गडी दहावीला चौथ्यांदा बसत होता. त्याच्यासाठी मागताना इमामसाहेबांचा गळा दाटून आला, तोही भोंग्यातून स्पष्ट ऐकू आला.

बाई दर चिठ्ठीला खडूनं फरशीवर एक रेघ ओढत होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. एकीनं लिहिलं होतं, "माझ्या मुलाला अभ्यासाला बसायची बुद्धी दे, पास व्हायचं नंतर बघू." त्यावर बाईंनीही नकळत आमीन म्हटलं. तासभर हे चाललं. डाळ निवडून संपली. आणि मग इमामसाहेब म्हणाले, "ह्या सगळ्या लेकरांना यश दे," आणि भोंगा खरखर करून बंद झाला.

फरशीवर पाच-पाचचे एकवीस गठ्ठे आणि वर एक रेघ. एकशे सहा.

बाईंनी पुन्हा मोजलं. बाईंची मोजणी चुकली असं आजवर झालं नव्हतं, आणि आजही झालं नाही.

इमामसाहेब घरात आले, टोपी खुंटीला लावली, डबा फडताळावर ठेवला.

"माझी चिठ्ठी कुठाय?" बाईंनी विचारलं.

"कुठली चिठ्ठी?"

"अहो, इमाम आहात. एवढं वाईट खोटं बोलायचं, त्यापेक्षा गप्प तरी बसा."

इमामसाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि ओट्यावर ठेवला. "अक्षर ओळखलं मी."

"ओळखलंत, म्हणून वाचली नाहीत?"

"वाचवेना."

"बेकरीवाल्याच्या मधल्याची वाचवली. रडू फुटत होतं तुम्हाला त्याच्यासाठी. तो पुस्तकावर डोकं ठेवून झोपतो फक्त! पहाटे उठून अभ्यास मी करते, आणि माझी चिठ्ठी खिशात?"

"त्याच्यासाठी मनापासून मागितलं," इमामसाहेब खाली बघत म्हणाले. "तुझी हातात घेतली आणि... जिभेवर आमीन आणि मनात 'नको', असं तीनशे माणसांसमोर कसं मागू? ते अल्लाहशी खोटं बोलणं झालं."

बाई बघतच राहिल्या. "मनात नको?"

"नोकरी लागली की लांब टाकतात. पहिली पाच वर्षं तर नक्कीच. मला मशीद सोडता येत नाही, पाच वेळा उभं राहावं लागतं. मग इथं काय उरणार? दोन खोल्या आणि मी."

"आणि मागच्या दोन वेळा?"

इमामसाहेब खुंटीवरची टोपी पुन्हा नीट लावू लागले.

"म्हणजे तेव्हाही नाही? अहो, मी एका गुणानं गेले होते! एका!"

"दुआनं गुण वाढत नाहीत असं तूच म्हणतेस ना?"

"म्हणते! पण एक गुण हो! एकासाठी काय जड होतं?" स्वतःच्या बोलण्यातली गोम बाईंना कळली, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला.

"पण तू नापास हो असंही कधी मागितलं नाही. शपथेवर सांगतो."

"वा! उपकार झाले."

बाईंना राग आला होता. त्या रागाखाली वाईट वाटत होतं. आणि त्याच्याही खाली, कबूल करायची लाज वाटावी असं, कुठेतरी बरंही वाटत होतं. आपल्याशिवाय ह्या माणसाला करमणार नाही, हे चौदा वर्षांत तो पहिल्यांदाच बोलला होता. पण बोलायची वेळ कुठली निवडली तर ही. नवरे लोकांना नेमकं बोलायच्या वेळी गप्प बसता येतं आणि गप्प बसायच्या वेळी बोलता येतं, हे काय त्यांना कुणी शिकवतं की काय देव जाणे.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या पोरांना मूसा पैगंबरांची दुआ शिकवता. छाती मोकळी कर, काम सोपं कर, जिभेची गाठ सोड. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तिथंच थांबता. पोरांनाही वाटतं दुआ तिथं संपली. पुढं काय मागितलंय त्यांनी?"

इमामसाहेबांना सगळं तोंडपाठ होतं. म्हणूनच त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"बोला की. पाठ आहे ना?"

"माझ्या घरातलाच एक मदतनीस दे," इमामसाहेब हळू आवाजात म्हणाले.

"घरातलाच. मूसांना भाऊ मिळाला. मला काय मिळालं? भोंगा!"

इमामसाहेबांनी ओट्यावरची चिठ्ठी उचलून हातात धरली.

"नको असेल तर नको म्हणा," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडे बघून म्हणा. मी भांडेन, तुम्ही भांडा, काय व्हायचं ते होईल. पण चिठ्ठी खिशात घालून बसायचं, आणि आपल्या दोघांच्या भांडणात अल्लाहला मध्ये घालायचं, हे कुठलं शहाणपण? त्याला आत्ताच एकशे सहा कामं सांगून आलात ना?"

इमामसाहेब म्हणालेही असते काही, पण नेमकी नमाजची वेळ झाली. इमामाशी भांडणाऱ्या बाईचं हेच दुर्दैव. दर दोन-तीन तासांनी त्याला पळायला धर्मसंमत वाट मिळते.

पुढचे नऊ दिवस घरात जेवणापुरतं बोलणं झालं. मीठ द्या, पाणी आलं, गॅस संपत आलाय. शिकवणीच्या पोरांनी ताबडतोब ओळखलं, कारण बाईंनी त्या आठवड्यात एकालाही उंट म्हटलं नाही.

पेपरच्या रविवारी बाई पहाटे उठल्या. नमाज झाल्यावर त्यांनी हात पसरले. दुआ मागायला इमाम लागत नाही, अल्लाह सगळ्यांचं ऐकतो, हे इमामाच्या बायकोला कळायला अंमळ उशीरच झाला. ज्ञान वाढव, हे मागून झालं. मूसांची दुआही त्यांनी पुरी म्हटली, मदतनिसाच्या वाक्यासकट. त्या वाक्याला क्षणभर थांबल्या. मग मनात म्हणाल्या, आहे तो चालवून घेते, आणि चेहऱ्यावरून हात फिरवून उठल्या.

दाराशी इमामसाहेब पाण्याची बाटली घेऊन उभे होते. बाटली भरलेली, पुसलेली, झाकण घट्ट लावलेली.

बाईंनी बाटलीकडे बघितलं. "फुंकर घातलीत?"

"नाही," इमामसाहेब म्हणाले. "नुसतं पाणी आहे."

बाईंनी बाटली पिशवीत टाकली आणि निघाल्या. रागात होत्या, तरी एवढं मानावंच लागलं, की माणूस निदान पाण्याबाबत खोटं बोलला नाही.

परीक्षा एका प्राथमिक शाळेत होती. बाक लहान मुलांचे. एकोणचाळीस वर्षांचे गुडघे त्यांत मावेनात. शेजारी बसलेली मुलगी वीस-बावीसची, बाईंना म्हणाली, "काकू, तुमच्या मुलीचा नंबर आहे का इथं?" बाई म्हणाल्या, "नाही, काकूंचाच आहे." मग प्रश्नपत्रिका आली. दोन नळांनी टाकी भरते आणि एकानं रिकामी होते, असा प्रश्न होताच. मशिदीच्या हातपाय धुवायच्या टाकीशी चौदा वर्षं झगडलेल्या बाईला त्यात काय विचारायचं? मध्येच घसा कोरडा पडला, तेव्हा त्या ते नुसतं पाणी प्यायल्या. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा सगळी उत्तरं पुन्हा तपासली, आणि एक बदललं. बदललेलं बरोबर की आधीचं, ह्या विचारानं पुढचे सात आठवडे त्यांचा जीव टांगणीला लागला.

बदललेलं बरोबर होतं. यादीत त्यांचा नंबर लागला, गरजेपेक्षा अकरा गुण जास्त. नेमणूक मिळाली ती बसनं सहा तासांवर. चार खोल्यांची शाळा, गणिताला आजवर कुणी टिकलं नाही असं गाव.

बातमी वस्तीत पसरायला तासही लागला नाही. शिंपीणबाई सगळ्यांत आधी आल्या. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांना ओलांडून शिंपीणबाई आत गेल्या आणि इमामसाहेबांना म्हणाल्या, "मुबारक हो इमामसाहेब! काय ताकद आहे तुमच्या दुआत!"

"माझी दुआ नव्हती," इमामसाहेब म्हणाले.

"बघा, बघा. श्रेय घेत नाहीत."

"श्रेयाचा प्रश्न नाही. खरंच नव्हती."

मागोमाग बेकरीवाले आले, रंगारी आला, लॉन्ड्रीवाले आले. प्रत्येकाला इमामसाहेब तेच सांगत होते, आणि प्रत्येकजण भारावून जात होता. एवढा मोठा माणूस आणि किती नम्र! शेवटी इमामसाहेब कळवळून म्हणाले, "अहो, मी हिची चिठ्ठी वाचलीच नाही! खिशात घातली होती! तीनशे लोकांसमोर मागायला मन तयार होईना माझं!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाईंना वाटलं, चला, निदान आता तरी.

बेकरीवाल्यांनी सुस्कारा सोडला. "बायकोची चिठ्ठी चारचौघांत कशी वाचतील? एकांतात मागितली असणार. गुपचूप मागितलेली दुआ लवकर पोचते."

"छातीशी धरून मागितली असणार," शिंपीणबाई म्हणाल्या. "खिशात म्हणजे छातीशीच की."

इमामसाहेबांनी असहाय नजरेनं बायकोकडे बघितलं. चौदा वर्षं बाई जे भोगत होत्या, ते त्यांच्या वाट्याला आज एका दुपारी आलं. खरं बोलूनही कुणी ऐकेना.

"अहो, अभ्यास केलाय मी!" बाई ओरडल्याच. "रोज पहाटे! ह्या फडताळाच्या दारावर बघा, अजून लिहिलेलं आहे!"

"केलाच असणार, बाई," शिंपीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "अभ्यास असल्याशिवाय दुआ तरी कुणाला लागणार?"

ह्यावर काय बोलणार, कप्पाळ? बाईंनी सगळ्यांना चहा केला.

जायच्या दिवशी बसची वेळ दुपारची होती. एक पेटी कपड्यांची आणि एक पिशवी पुस्तकांची. शिकवणीतली मोठी दोन मुलं लहानांना शिकवणार असं ठरलं होतं. इमामसाहेबांना भात आणि डाळ कशी करायची हे बाईंनी तीनदा दाखवलं होतं, आणि तीनही वेळा पाणी जास्त झालं होतं. बाई शेवटची साडी घडी घालत होत्या. इमामसाहेब आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे होते, जाताही येईना आणि आतही येववेना.

"ऐक," ते म्हणाले.

"हं."

"इकडे बघ ना."

बाईंनी मान वर केली. इमामसाहेब त्यांच्या डोळ्यांत बघत होते. दुआ मागताना मिटलेले ते डोळे उघडे कसे दिसतात, ते बाई जवळजवळ विसरल्याच होत्या.

"नको जाऊस," इमामसाहेब म्हणाले.

साडीची घडी अर्धीच राहिली.

"मला जमणार नाही एकट्यानं. भात तर नाहीच जमणार. पण भाताचं नाही म्हणत मी. तू नको जाऊस. मला नकोय."

बाईंचे डोळे भरून आले. साडी त्यांच्या हातातून मांडीवर पडली. इतक्या वर्षांत ह्या माणसानं त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं तेही चिठ्ठीशिवाय, भोंग्याशिवाय, थेट त्यांच्याकडे.

"एवढंच म्हणायचं होतं," त्या नाक ओढत म्हणाल्या, "तर त्याला सहा वर्षं लागतात का हो?"

"लागली खरी."

"मी जाणार आहे."

"माहीत आहे मला."

"दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येईन. रविवारी परत."

"ये."

बाईंनी साडी पुन्हा घडी घातली आणि पेटी बंद केली. भिंतीवरच्या घड्याळात दुपारच्या नमाजला वीस मिनिटं उरली होती, आणि बसला पस्तीस. हे दोन्ही आकडे एकाच वेळी दोघांच्या डोक्यात होते. बाई स्वतःशीच म्हणाल्या, चला, पेटी एका हातात, पिशवी खांद्यावर, सवय आहे.

इमामसाहेब मागच्या दारातून मशिदीत गेले. बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. गेले! मग त्यांना पलीकडून आवाज ऐकू आला. इमामसाहेब अजान देणाऱ्या म्हाताऱ्या चाचांशी बोलत होते.

"आज दुपारची नमाज तुम्ही पढवा."

"का? बरं नाही का?"

"बरा आहे. बायकोला गाडीवर सोडायला जातोय."

चाचा काही म्हणाले असतील, ते ऐकू आलं नाही. इमामसाहेब परत आले, चपला घातल्या, आणि कुणी न सांगता दोन्हींतलं जड सामान उचललं, पुस्तकांची पिशवी. दोन पावलं गेले आणि एक पट्टा करकरला.

"अहो, तो पट्टा तुटायला आलाय," बाई वैतागून म्हणाल्या. "खालून धरा."

इमामसाहेबांनी पिशवी दोन्ही हातांनी खालून धरली, आणि दोघं बस गाठायला निघाली.